लाइन मोकळी ठेवा

माझ्या कामामुळे लोक मला शिव्या देतात आणि लोकांच्या करामतींमुळे मी त्यांना. फिट्टंफाट.

मी मोबाईल कंपनीत गोंगाट शोधते. म्हणजे असं की एखाद्याच्या घरात रेंज येत नाही. तक्रारी करून करून माणूस कंटाळतो. मग तो बाजारातून स्वस्तातला बूस्टर आणतो, अँटेना गच्चीवर ठोकतो, डबा आतल्या भिंतीला लावतो आणि रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या बघून खूश होतो. पण तो डबा टॉवरच्या कानात इतक्या मोठ्यांदा किंचाळत असतो की टॉवरला बाकी कुणाचं काही ऐकूच येत नाही. आसपासच्या गल्ल्यांत बोलता बोलता फोन तुटायला लागतात. मग साहेब मला पाठवतात. माशाच्या काट्यासारखी दिसणारी एक अँटेना हातात धरून मी गल्लीबोळ पालथे घालते, कानात खरखर कुठे वाढतेय ते ऐकते आणि शेवटी एका दारावरची घंटा वाजवते. बूस्टर बंद करा म्हटलं की आतला माणूस असा बघतो, जणू मी त्याच्या घराचं पाणी तोडायला आलेय.

त्या दिवशी दुपारी बाजारामागच्या टॉवरची तक्रार होती. गोंगाट पूर्वेकडून येत होता, एवढंच कळलं होतं. आमची गाडी चालवतात त्यांना सगळे मामा म्हणतात. ते माझ्याहून फटकळ आहेत, त्यामुळे आमचं झकास जमतं. मी गाडीतून अँटेना काढतच होते, तेवढ्यात मावशींचा फोन आला. मावशी म्हणजे दिवसा माझ्या बाबांना सांभाळतात त्या.

"ताई, बाबा कुठे दिसत नाहीत हो," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "मी वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेले, येऊन बघते तर दार सताड उघडं."

अँटेना मी तशीच गाडीत टाकली.

बाबांचं काय झालंय ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आई गेली, आणि तिच्या मागोमाग बाबांची आठवण चालती झाली. आधी किल्ल्या विसरायला लागले, मग महिने, मग गल्लीचं वळण. आणि मग एक दिवस मला. आता ते मला 'बाई' म्हणतात. अहो-जाहो करतात. मी त्यांना भरवते, त्यांची नखं कापते, आणि संध्याकाळ झाली की ते अगदी अदबीने म्हणतात, "बाई, उशीर झाला, तुम्ही निघा आता. तुमच्या घरी वाट बघत असतील." मी हो म्हणते, स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडते आणि थोड्या वेळाने परत बाहेर येते. त्यांना ते चालतं. मला नाही चालत. मला त्यांची हाक हवी होती. एकदाच, पण मला मारलेली. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं की लोक म्हणतात, अगं, निदान ते आहेत तरी. हो, आहेत ना. माझ्याच घरात आहेत आणि मी त्यांना शोधत असते.

एक गोष्ट मात्र ते कधी विसरत नाहीत, ती म्हणजे खिशातला बटणांचा फोन. मी लगेच तो लावला. दोनदा वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. म्हणजे बाबा शुद्धीवर होते, फोन हातात होता आणि माझा फोन नको म्हणून बटण दाबत होते. मला हायसंही वाटलं आणि रागही आला.

मी पोलीस ठाण्यात कळवलं आणि मग आमच्या नकाशेवाल्याला फोन केला. नकाशेवाला म्हणजे ऑफिसात पडद्यावर नकाशा मांडून बसणारा माझा सहकारी. हरवलेला फोन कुठल्या टॉवरपाशी आहे ते तो सांगतो. पोलिसांकडून विनंती आल्याशिवाय तो सख्ख्या आईचाही फोन बघणार नाही, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर निम्मं शहर उरलेल्या निम्म्याच्या मागावर सुटेल. म्हातारा विसराळू माणूस म्हटल्यावर ठाण्यातल्या बाईंनी विनंती ताबडतोब पाठवली.

"तू फोन वाजवत राहा," नकाशेवाला म्हणाला. "वाजला की मला दिसतो."

मी वाजवत राहिले. बाबा कापत राहिले.

"सापडले! अगं, तू उभी आहेस त्याच टॉवरवर आहेत. पूर्वेच्या बाजूला."

"एक्स्चेंज!" मी ओरडलेच. "आईचं जुनं टेलिफोन एक्स्चेंज तिकडेच आहे."

आई एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. बाबांचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं. संध्याकाळी ते दुकान बंद करून तिला आणायला जायचे आणि ती सुटेपर्यंत फाटकाशी उभे राहायचे. आईच्या मैत्रिणी त्यांना पहारेकरी म्हणायच्या.

"एक्स्चेंज नाही गं," नकाशेवाला म्हणाला. "ते टॉवरपासून अर्ध्या किलोमीटरवर. फोन दोन किलोमीटर लांब आहे. दर वेळी तेवढंच अंतर येतंय."

फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचायला किती वेळ लागला, यावरून टॉवर अंतर काढतो. त्यात भावनेला जागा नाही. आकडा खोटं बोलत नाही, हे मी स्वतः ऑफिसात नव्याने आलेल्यांना शिकवते. मी नकाशा उघडला. पूर्वेला दोन किलोमीटरवर कालवा होता. कालवा, मी एवढंच म्हणाले, आणि एक्स्चेंजवरून जाणारा जवळचा रस्ता सोडून मामांनी गाडी थेट बाहेरच्या मोठ्या रस्त्याला घातली.

कालव्याच्या काठाने आम्ही दोघं दोन दिशांना धावलो. मामा "ओ बाबा, ओ बाबा" करून हाका मारत होते. तिथे विटा रचणारी माणसं होती, गुरांना पाणी दाखवणारा एक जण होता. सगळ्यांना विचारून झालं. कुणी म्हातारा बघितला नव्हता. पायऱ्यांपाशी एक चप्पल पडलेली दिसली. जवळ जाऊन उचलली, उलटसुलट केली. बाबांची नव्हती. परक्या माणसाची ती मळकी चप्पल मी छातीशी धरून उभी होते, हे मामांनी सांगितल्यावर माझ्या लक्षात आलं.

मी पुन्हा फोन लावला. पुन्हा कापला. ऊन उतरत चाललं होतं आणि पाणी काळं दिसायला लागलं होतं. अहो, एकदा उचला ना, मी मोठ्याने म्हणाले. माझा इतका काय कंटाळा आलाय तुम्हाला?

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. त्यांना बाबांचं काही ठाऊक नव्हतं.

"काय गं, त्या टॉवरच्या गोंगाटाचं काय झालं? लोक बोंबलतायत इथे. मी त्याचं पूर्वेकडचं तोंड बंद करतोय. तेवढा भाग शेजारचे टॉवर ओढून नेतील."

पूर्वेकडचं. मी जागच्या जागी खाली बसले.

गोंगाट पूर्वेकडून. बाबा पूर्वेकडे. अगं बावळट, अगं गाढव बाई! बूस्टर काय करतो? आत आलेला आवाज पकडतो, जरासा घोळवतो आणि मग बाहेर फेकतो. तो जरासा उशीर टॉवरला कळत नाही. त्याला वाटतं, आवाज लांबून आला म्हणून उशीर झाला. बूस्टरच्या पोटात बसलेला माणूस टॉवरला आहे त्याहून दीड किलोमीटर लांब दिसतो. जो गोंगाट शोधायला मी दुपारी निघाले होते, त्याच गोंगाटाने बाबांना उचलून कालव्यावर नेऊन ठेवलं होतं. आणि मी बापाच्या पायांना चाळीस वर्षं पाठ असलेला रस्ता सोडून आकड्याच्या मागे धावले होते.

"साहेब, बंद करू नका! तुमच्या पाया पडते, बंद करू नका." मी एका दमात सगळं सांगितलं. "बाबा त्या बूस्टरच्याच आसऱ्याला आहेत. तुम्ही तोंड बंद केलंत, तर त्यांचा फोन मला परत दिसायचा नाही. एक्स्चेंजमध्ये नसले तर मी कुठे शोधू?"

साहेब म्हणाले, "किती वेळ?"

"सापडेपर्यंत."

"आणि लोकांना काय सांगू?"

"सांगा, गोंगाट शोधणारी बाई कामचुकार आहे."

"ते तर रोजच सांगतो. पळ तू."

मामांनी गाडी अशी हाणली की मागे ठेवलेली शिडी दोनदा माझ्या डोक्यावर आली. एक्स्चेंजच्या कोपऱ्यावर मी उडी मारली आणि अँटेना वर धरली. एकदा हात पोळल्यावर आता नुसत्या आकड्यावर किंवा अंदाजावर विसंबायची माझी तयारी नव्हती. अँटेना बाजाराकडे फिरवली, खरखर कमी. रस्त्याकडे फिरवली, कमी. एक्स्चेंजच्या दगडी इमारतीकडे वळवली, आणि कानठळ्या बसल्या. वर कठड्याला नवीकोरी पांढरी अँटेना ठोकलेली होती, टॉवरकडे तोंड करून. इतक्या मायेने मी कुठल्याच चोरट्या अँटेनाकडे कधी बघितलं नव्हतं.

खाली आता सोफे आणि गाद्यांचं दुकान आहे. माझ्या हातातला तो काटा बघून मालकाचा चेहराच उतरला.

"मॅडम, ऐका तर खरं. भिंती बघा, हातभर जाड आहेत. आत साधा फोन लागत नाही. गिऱ्हाइकाने पैसे कसे द्यायचे? माझा नाइलाज..."

"तुमचा बूस्टर गेला खड्ड्यात! एक आजोबा आलेत का इथे?"

"ते होय?" मालकाच्या जिवात जीव आला. "दुपारपासून बसलेत की. मला आधी वाटलं, सोफा घ्यायचाय. म्हणाले, बायकोची ड्यूटी सुटायची आहे. मी म्हटलं बसा. चहा दिलाय, हं."

बाबा अगदी आत, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेल्या एका सोफ्याच्या कडेला बसले होते. भांग पाडलेला, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. फोन दोन्ही हातांत धरलेला. त्यांना बघून मी दाराच्या चौकटीला टेकले.

"अरे, बाई, तुम्ही इथे?" ते उठून उभे राहिले. त्यांची रीतभात अजून शाबूत आहे. "तुमचंही कोणी सुटायचंय का?"

"बाबा, चला. घरी जाऊ."

"छे हो. तिचा फोन यायचाय. सुटले की फोन करते म्हणाली." मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, "आणि हे बघा ना. दुपारपासून मधेच कोणीतरी सारखं फोन करतंय. मी कापतो, की पुन्हा करतंय. तिचा फोन लागणार कसा मग? लाइन मोकळी नको का ठेवायला?"

पडद्यावर ओळीने 'मुलगी, मुलगी, मुलगी' असं लिहिलेलं होतं. मीच भरून दिलं होतं ते. मी लोकांच्या दारात जाऊन सांगते ना, तुमच्यामुळे दुसऱ्याचं बोलणं तुटतंय म्हणून? तेच बाबा मला सांगत होते. मला हसू आलं.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो झटकला. "अहो, काय करताय हे? मी येणार नाही म्हटलं ना!" आवाज चढला. गिऱ्हाइकं बघायला लागली. बाबा सोफ्यावर मागे सरकून बसले आणि प्लॅस्टिक करकरलं. माझ्या हाताशी उरलेला एकच उपाय म्हणजे चार माणसांनी त्यांना उचलून न्यायचं, आणि ते मी मेले तरी करू दिलं नसतं.

मामांनी मला बाजूला ओढलं. "ताई, आईंचा फोन आल्याशिवाय हे उठायचे नाहीत."

"मामा, आईला जाऊन दोन वर्षं झाली."

"मग तुम्ही करा." त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. "माझा नंबर त्यांच्याकडे नाही. कोण आहे ते कळायचं नाही. आणि तुमचा आणा इकडे, साहेबांना मी थोपवतो."

मी कपाटांच्या आडोशाला गेले. आई फोनवर कशी बोलायची ते मला आठवावं लागलं नाही. लहानपणी ती नक्कल करून मी घर डोक्यावर घ्यायचे. मी नंबर लावला. पहिली घंटा पुरती वाजायच्या आत बाबांनी उचलला.

"हॅलो!"

त्या एका शब्दात किती वाट बघितलेली होती! इतकी वर्षं ते मला हॅलो म्हणाले, पण असं कधीच नाही. मी नाकात सूर आणला आणि आईसारखं म्हणाले, "हं, ऐका. मी बोलतेय. आज मला उशीर होणार आहे. तुम्ही आपले घरी..."

पलीकडे सगळं शांत. आता हेही हातचं गेलं, असं मला वाटलं. आणि मग फोनमधून खुदकन हसू आलं.

"काय गं भोंग्या? आईचा आवाज काढतेस होय? बापाला गंडवतेस?"

भोंगा मीच. जन्मले तेव्हा माझं रडणं तीन घरं पलीकडे ऐकू जायचं, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. सगळ्या जगात ते मला एकटेच असं म्हणतात. मी तोंडावर हात गच्च दाबून धरला.

"भोंग्या? आहेस ना?"

"आहे, बाबा."

"कुठे असतेस तू? किती दिवसांत फोन नाही, काही नाही."

"कामात होते, बाबा. चुकलं माझं."

"तेच का, रेंजचं? अजून लोकांशी भांडतेस ना?"

"भांडते."

"भांड. पण वेळेवर जेवत जा." मग त्यांचा आवाज खाली आला. "आई अजून सुटली नाही गं. सगळे दिवे लागले." त्यांनीच विचारलं, "ती नाही ना आता यायची?"

"नाही, बाबा."

"हं." सोफ्याचं प्लॅस्टिक करकरलेलं मला फोनमधूनही ऐकू आलं आणि कपाटापलीकडूनही. "मग तू ये न्यायला. मला घरचा रस्ता नीट आठवत नाहीये."

"मी घरीच थांबते, बाबा. तिथे एक बाई आहेत ना, त्यांच्याबरोबर या. फोन ठेवू नका. माझ्याशी बोलत बोलत या."

"त्या होय? चांगल्या आहेत बिचाऱ्या. रोज येतात. त्यांना घरचं कोणी नाही वाटतं."

मी फोन कानाला तसाच लावून कपाटाआडून बाहेर आले. बाबांनी मला बघितलं, फोनवर तळवा ठेवला आणि अभिमानाने म्हणाले, "मुलीचा फोन आहे." मग आपण होऊन हात पुढे केला. मी तो धरला. दुकानातून आम्ही असे निघालो, दोघांच्याही कानाला फोन. माझा आवाज त्यांना दोनदा ऐकू येऊ नये म्हणून मी मान वळवून, अगदी हळू बोलत होते. मालकाने दार उघडून धरलं.

दारातून बाहेर पडताना बूस्टर सुटतो आणि फोन सरळ टॉवरला जाऊन भिडतो. तिथे फोन तुटू शकतो, हे माझ्याएवढं त्या गल्लीत कोणाला ठाऊक होतं? माझ्या कानात खरखर झाली. "हॅलो? हॅलो?" बाबा घाबरून उंबऱ्यावर थांबले. "आहे, बाबा, आहे," मी म्हणत राहिले, आणि खरखर ओसरून त्यांचा आवाज परत आला. मामा रस्त्यावर उभे राहून माझ्या फोनवर साहेबांना दरडावत होते, "मी सांगेन तेव्हाच बंद करायचं, समजलं ना?"

गाडीत बाबा खिडकीशी बसले आणि मी त्यांच्या शेजारी. त्यांनी मला माझ्या शाळेचं विचारलं, मग नोकरीचं विचारलं, मग पुन्हा शाळेचं. मी सगळ्याची उत्तरं दिली. मामांनी न सांगता लांबचा रस्ता धरला. मध्येच बाबांनी माझ्याकडे निरखून बघितलं, चेहरा खिडकीकडे फिरवला आणि फोनमध्ये कुजबुजले.

"भोंग्या, या बाई रडतायत गं. काय करू?"

"काही नका करू, बाबा," मी म्हणाले. "तेवढा त्यांचा हात सोडू नका."

"नाही सोडत," ते म्हणाले.